टाच टेकण्याचा आवाज

शटर खडखडत वर गेलं की त्या एवढ्याशा सलूनमध्ये खेळ सुरू व्हायचा. समोर भिंतभर आरसा, त्यावर दिव्यांची ओळ, दोन फिरत्या खुर्च्या, मागे गिऱ्हाइकांचा बाक. आणि मधोमध, हातात साबणाचा ब्रश घेऊन आपला नायक. सगळी गल्ली त्याला रेडिओ म्हणायची, कारण एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण कुणालाच सापडत नसे. अर्ध्या दाढीवर एखादी गोष्ट आठवली की वस्तरा हवेत थांबायचा आणि गिऱ्हाईक गालावरचा फेस सुकेपर्यंत ऐकत राहायचं. तक्रार कोण करणार? निवृत्त मास्तर तर डोक्यावर औषधापुरते केस उरलेले असताना दर आठवड्याला हजर.

बाकाच्या कोपऱ्यात रेडिओची सहा वर्षांची लेक बसलेली असे. तिला तो 'सरकार' म्हणे. जन्मताना मेंदूला इजा झालेली. डोकं लख्ख, जीभ बापावर गेलेली, पण पाय ताठ. मेंदूचा लगाम त्या पायांवर नीट बसत नव्हता, त्यामुळे स्नायू सदा आवळलेले. चालवायला घेतली की गुडघ्यावर गुडघा घासायचा, एक पाय दुसऱ्यात अडकायचा, टाचा जमिनीला कधी टेकायच्याच नाहीत. बुटांची पुढची टोकं तेवढी झिजत. दारात खर्र, खर्र ऐकू आलं की मास्तर न बघता म्हणत, "आली सरकारची स्वारी."

तरी ती उभी राहायची. खुर्चीची पाठ धरून, त्या ताठ पायांच्याच जोरावर.

मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनबाईंनी तिला तपासलं आणि शस्त्रक्रिया सुचवली. पायांकडून मणक्यात येणाऱ्या नसांचे बारीक धागे असतात. त्यातले जास्त गोंधळ घालणारे शोधून तेवढेच कापायचे, म्हणजे ताठपणा उतरेल. इतकं कानावर पडायचा अवकाश, रेडिओ सुरू झाला. सरकार शाळेत कशी चालत जाईल, मास्तरांना कशी शर्यतीत हरवेल, सगळं त्याने बाईंनाच रंगवून सांगितलं. बाईंनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी त्या त्याच्या बायकोकडे वळून हळू आवाजात बोलल्या. तोवर हा दाराशी उभ्या नर्सला पुढचा अंक ऐकवत होता.

मग काय, दुकानात जाहीरच झालं. महिन्याभरात सरकार चालणार.

शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. काही दिवसांनी व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी सरकारला काखांखाली धरून उभं केलं, आणि तिचे पाय ओल्या टॉवेलासारखे खाली लोंबले. रेडिओ कोपऱ्यातून बघत होता. पूर्वी उभी तरी राहायची पोर. तो काहीच बोलला नाही.

घरी आल्यावरही बोलला नाही. सलूनमध्ये नुसती कात्री वाजायची. बाकावरचे लोक एकमेकांकडे बघत आणि वर्तमानपत्रात तोंड खुपसत. सेल संपले का रे, असं मास्तरांनी विचारून पाहिलं. त्याने त्यांच्या मानेवरचे केस झटकले आणि पुढच्याला बोलावलं.

एका दुपारी जेवताना मात्र त्याला राहवलं नाही.

"चुकलं आपलं," तो बायकोला म्हणाला. "होतं तेही घालवलं."

तिचा वाढता हात थांबला. "अहो, बाईंनी सांगितलं होतं की. त्या ताठपणावरच ती उभी राहायची. तो काढला की आधी पाय लुळे वाटतील, मग रोज व्यायाम करून खरी ताकद आणायची. वर्षही लागेल म्हणाल्या."

"कधी सांगितलं?"

"तुम्ही बोलत होतात तेव्हा."

"मग तू तरी सांगायचंस मला."

"मध्ये शिरायला जागा कुठे ठेवता?" ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात भात वाढला. रागावली नव्हती. म्हणून तर त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी व्यायामाला लेकीला तो स्वतः घेऊन गेला. ताईंनी पहिलीच अट घातली की बाबांनी गप्प बसायचं. त्याने तोंड उघडलं की सरकार खुदकन हसायची आणि तिचे गुडघे सुटायचे. मग हा तोंडावर पालथा हात धरून बसे. खुर्चीवरून उठणं, पुन्हा बसणं, दांडी धरून एकेका पायावर भार देणं. रडणंही पुष्कळ झालं, बहुतेक लेकीचं. एरवी सलूनच्या खुर्चीची पायटेकणी हीच तिची पायरी झाली. ऋतू बदलला. दुकानात गप्पा परत आल्या, पण आता मधेच थांबून तो समोरच्याला विचारी, मग तुमचं काय?

एका रविवारी सलून गच्च भरलं होतं. मास्तर खुर्चीत, दोन्ही गालांवर फेस, आणि रेडिओची गोष्ट ऐन रंगात आलेली. दारातून सरकार आत आली. चाकांचा वॉकर दोन्ही हातांनी धरलेला, मागे आई, पण हात न लावता. सवयीने सगळे त्या खर्र आवाजाची वाट बघत होते. तो आला नाही. फरशीवर टाच टेकली, टप. मग बऱ्याच वेळाने दुसरी.

रेडिओचा वस्तरा हवेत थांबला. गोष्टही थांबली.

"का रे, पुढे काय झालं?" फेसातून मास्तरांनी विचारलं. "बंद पडलास की काय?"

"थांबा मास्तर," तो म्हणाला. "ऐकू द्या."