कशेळ्यात शक आले

इतिहासाच्या तासाला मुलं जांभया देतात, याचा मला भयंकर राग येतो. मुलांचा नाही, पुस्तकाचा. म्हणून कशेळ्याच्या शाळेत सातवीसाठी मी खजिनाशोध ठेवला. आवारात लपवलेल्या चिठ्ठ्या सगळ्या प्राचीन ब्राह्मी लिपीत, आणि मुलांच्या हातात अक्षरांचा तक्ता. त्यात फुलीसारखा क आणि बाणासारखा श.

मुख्याध्यापक आधीच नाराज. "बाई, पोरांना मराठी धड वाचता येत नाही, तुम्ही ब्राह्मी कसली शिकवता?" शेवटी त्यांनी अट घातली. जेवणाच्या घंटेआधी खजिना सापडला तर कोंडाण्याच्या लेण्यांची सहल, नाहीतर त्या दिवशी गणिताचा जादा तास. लेण्यातला खरा शिलालेख मुलांनी आपल्या डोळ्यांनी वाचावा, एवढीच माझी हाव होती.

सुरुवात झकास झाली. मग एका पोरीला समोरच्या घराच्या दारावर खडूचा बाण नि फुली दिसली. "श-क! बाई, इथं शक राजं राहत व्हतं!" शेजारच्या दारावरही तेच. झालं, अख्खा वर्ग फाटकाबाहेर, मागे मी. त्या खुणा पोलिओचे डोस पाजणाऱ्या ताईंनी केल्या होत्या, पण माझं ऐकतंय कोण!

"शक कोन रं?" ओट्यावरची म्हातारी उखडली. "आमी इथलंच हाय!"

मुख्याध्यापक तरातरा आले. मुलांना खोटं पाडायचं म्हणून त्यांनी तक्ता घेतला आणि एकेक दार तपासत निघाले. दारोदार शक! गावातच त्यांचं घर. त्या दारावरही शक निघाले, तेव्हा कुठे नातीला पाजलेला डोस आठवला आणि पोट धरून हसत ते पायरीवर बसले.

तेवढ्यात शाळेची घंटा झाली. खजिना, म्हणजे चिक्कीचा डबा, खिचडीच्या शेडमध्ये तसाच पडून. मुलांची तोंडं उतरली. मला तर रडूच फुटायला आलं.

सरांनी तक्त्याची घडी करून खिशात घातली. "घंटा? मला नाही ऐकू आली. चला, खजिना शोधा."

सहलीला आम्ही टेंपोने गेलो. लेण्यात मुलांनी अडखळत अक्षरं लावली, सर त्यांच्याही पुढे. अर्थ मी सांगितला. अमक्याच्या शिष्याने हे केले.

"म्हंजी गुरूचं नाव आधी?" पोरीने विचारलं. मी हो म्हटलं.

सोमवारी सकाळी माझ्या दारावर, पोलिओच्या बाणाखाली, खडूने एक वाकडीतिकडी ओळ लिहिलेली. तक्ता आणून एकेक अक्षर लावलं. बाईंच्या पोरांनी केलं.

काय केलं, ते लिहायचं राहिलं होतं. मी उंबऱ्यावर बसून हसले आणि रडलेही.

दिवाळीला घर रंगवलं, तेव्हा रंगाऱ्याला सांगितलं, तेवढं दार सोड.