किल्लारीच्या छावणीतली चिठ्ठी

आज मी जो काही आहे तो वत्सलामावशीमुळे. भूकंपात आई-वडील गेले, तेव्हा स्वतःचा पाय चिघळलेला असताना तिनं मला पदराखाली घेतलं. पुढं सांगतोय तसल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... देगलूरला शाळेत विज्ञान शिकवतो मी. तरी लिहितोय.

छावणीतल्या डॉक्टरांनी मावशीला जेंटामायसिनची सात इंजेक्शनं लिहून दिली आणि पाय वाचला. तेव्हापासून ती चिठ्ठी आमच्या घरातला देव झाली. ताप असो, लघवीची जळजळ असो — मावशी तीच चिठ्ठी मेडिकलवर दाखवायची आणि गावातल्या कंपाउंडरकडून सुया टोचून घ्यायची. मी अकरावीला लातूरला निघालो तेव्हा तिनं ती माझ्या पेटीत ठेवली. "माझ्याजवळ नक्कल हाय. तुला अस्सल."

बारावीच्या परीक्षेआधी मला ताप भरला. क्लासची टेस्ट चुकवायची नव्हती. रूममेटनं चिठ्ठी मोठ्यानं वाचली, चेष्टाही केली. मी ती खिशात घातली. भर दुपारी मेडिकलच्या काउंटरवर उघडली, तर... कोरी. दुकानदारानं उलटसुलट करून पाहिली. "कोऱ्या कागदावर काय देऊ रे?"

शेवटी समोरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितलं, ते इंजेक्शन तपासणीविना पुन्हा पुन्हा घेतलं तर किडनी खराब होते. मला मावशीचे सुजलेले पाय आठवले. कोरा कागद पेटीत परत टाकला आणि संध्याकाळीच किल्लारीला पत्र टाकलं.

मावशी तिथं नव्हतीच. नांदेडला जावेकडे गेली होती, तिथंच दवाखान्यात भरती. माझी परीक्षा बुडेल म्हणून कळवू दिलं नव्हतं. किडन्या कशानं गेल्या हे डॉक्टरांनी तिला त्याच दुपारी सांगितलं. तिची जाऊ सांगते, तेव्हापासून तिचा एकच धोशा होता — "लेकराच्या पेटीतली चिठ्ठी पुसा गं कुणीतरी."

चौथ्या दिवशी ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर मी पेटी उघडली. चिठ्ठीवर अक्षरं जशीच्या तशी होती. आजही आहेत.

माझं पत्र किल्लारीच्या घरी बंद दाराखाली न उघडलेलं सापडलं. ते असं —

"ती. मावशीस सा. न.

मला ताप आला होता, आता उतरला, काळजी नको. तुझी चिठ्ठी कोरी झाली, घामानं असेल, रागावू नको. ती सुई आता घेऊ नकोस, किडनीला वाईट असते. नक्कल फाडून टाक. मी डॉक्टर झालो की तुला नवी चिठ्ठी लिहून देईन. तोवर थांब."