मास्तरांना मी खोटं सांगितलं

बालीगंजच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे मास्तर सात महिन्यांच्या लेकीला स्वतः पायांवर घेऊन न्हाऊ घालत. सत्तरच्या आसपासचा काळ. असं करणारा पुरुष मी दुसरा पाहिला नव्हता. बायको बाळंतपणातच गेली होती. चिमीला शेजारच्या बंगाली मावशींकडे सोपवून ते शाळेत गणित शिकवायला जात. परतले की ती त्यांच्या खांद्यावरून उतरत नसे.

"पाणी घालताना ती माझ्या तोंडाकडे बघते, वहिनी," ते माझ्या बायकोला सांगत. "मी हसलो की हसते. मी घाबरलो तर संपलंच!"

आम्हा मराठी मंडळींना ते बघवत नसे. रविवारी जमलो की विषय तोच. "पुरुषाच्या हातून का तान्हं मूल वाढतं? आजी असताना पोर बंगाल्यांत वाढवायची?" जन्मापासून कलकत्त्याचे मास्तर हसत. "मी वाढलोच की! काय वाईट झालं?"

बँकेच्या बदलीने आलेला मी स्वतःला शहाणा समजत होतो. त्यांना न विचारता साताऱ्याला त्यांच्या सासूबाईंना मी पत्र घातलं, मुलीची आबाळ होते आहे. आबाळ होत नव्हती.

सासूबाईंनी बोलावणं धाडलं, सगळ्यांनी भरीस घातलं, मास्तर नमले. आम्ही रजेवर गावी निघालो होतो, तेव्हा चिमीला आम्हीच नेलं. हावड्यापासून ती रडत होती. डब्यात कोणी पुरुष आला की थांबे, चेहरा निरखून बघे आणि पुन्हा आकांत करी. दुसऱ्या दिवशी रडणं थांबलं. नुसती खिडकीकडे बघत राहिली. ते रडण्याहून वाईट होतं.

परतल्यावर मास्तरांनी दारातच विचारलं, "त्रास दिला का हो?"

"छे! हसतखेळत गेली." त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो. आज मास्तर नाहीत, म्हणून हे लिहितो आहे, हाही भित्रेपणाच.

पुढच्या उन्हाळ्यात ते तिला आणायचंच असं ठरवून गेले आणि एकटेच आले. त्यांनी हात पुढे करताच चिमी किंचाळून आजीमागे लपली होती.

"माझ्यावाचून हसत गेली, पण आजीवाचून रडेल. कशाला रडवायची?" ते म्हणाले. "तुम्ही तेव्हा सांगितलंत, म्हणून मन घट्ट करता आलं." त्यांनी माझा हात हातात घेतला.

माझी बायको उठून आत गेली. मी म्हणालो, "चहा घेणार ना, मास्तर?"