दोन पेपर मनाचे

"आधी बापाची पावलं पूस. मग पेपरचं बोलू."

असं तो माझ्या पोरीला म्हणाला. माझ्यासमोर. सिल्वासाच्या टोकरखाड्यातल्या त्याच्या कम्प्युटर क्लासमध्ये, सगळी पोरं बसलेली असताना.

चपला मी बाहेर काढल्या होत्या. तिथे सगळेच काढायचे, देवळासारखं. आत एसी, मशीनला धूळ चालत नाही. पण मी मसाटला प्लास्टिकच्या कारखान्यात मिक्सरवर होतो. काळा माल करायचा तर कार्बनच्या गोण्या फोडाव्या लागतात. तो कार्बन साबणानं जात नाही. चपलेतून पायाला, पायातून अंथरुणाला. दिवसपाळी सुटली तसा सरळ आलो, आणि पांढऱ्या फरशीवर दारापासून त्याच्या टेबलापर्यंत माझे पाय उमटले.

वंदीनं कोपऱ्यातलं फडकं घेतलं. गुडघ्यावर बसली. कार्बन पुसला की पसरतो. ती घासत राहिली. मागून एक पोरगा बोलला, "सर, प्रॅक्टिकल सुरू झालं!" सगळे हसले. सरही हसला.

मी हात जोडून उभा.

हा सर म्हणजे आमच्याच कारखान्यातला कम्प्युटरचा साहेब. पुण्याचा. संध्याकाळी क्लास चालवायचा. त्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर लोकांना वाटेल, असा तो एकटाच होता.

ही पंच्याण्णव सालाच्या पुढची गोष्ट. सिल्वासात नुसते कारखाने. खुर्चीवर मुंबई-पुणे-नाशिकचे, गोणीखाली आम्ही धुळे-नंदुरबारकडचे. मी चौथी शिकलेला. वंदी बारावी पास. तिला त्या क्लासला घातलं ते तिच्या मायनं, माझ्या बायकोनं. हट्टानं.

परीक्षा अशी होती. सहा पेपर. चार सगळ्यांना सारखे, दोन आपल्या मनानं निवडायचे. सहा झाले की मोठ्या कंपनीचं सर्टिफिकेट. वंदीनं चार काढले होते. इंग्रजी पुस्तक, बाजूला डिक्शनरी. उरले मनाचे दोन. त्यातला एक तिला नेटवर्कचा पाहिजे होता, कम्प्युटरला कम्प्युटर जोडायचा. त्याला नोकरी होती. पण सरावाला दोन मशीन जोडलेली लागतात, आणि क्लासमध्ये तशी जोडी एकच. ती मॅनेजर लोकांच्या पोरांसाठी. म्हणून सरानं वंदीला न विचारता तिचे पेपर ठरवून टाकले. नुसतं पुस्तक वाचून देता येतील असे दोन. ती नाही म्हणाली. तर मला बोलावलं, पोरीला समजव म्हणून.

फरशी पुसून झाली तेव्हा तो बोलला.

"हे बघ, शाळा-कॉलेजात तुमच्या लोकांना सवलत मिळते. इथे नाही. ही परीक्षा कम्प्युटर घेतो. तो आडनाव बघून पास करत नाही. झेपेल ते घ्यावं माणसानं."

माझ्याहून धाकटा होता तो. मला अरे-तुरे. आणि मी म्हणालो, "हो साहेब."

वंदीनं फडकं बादलीत टाकलं आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं अजून सोसत नाही.

घरी आलो. तिची माय भाकरी टाकत होती. वंदीनं सगळं सांगितलं. तव्यावरची भाकर करपली तरी तिनं उलटली नाही.

"परीक्षा कोन घेतं म्हने?"

"मशीन."

"त्याले आडनाव दिसतं?"

"नाही माय. त्याला फक्त उत्तर दिसतं."

"बापाचे पाय दिसता?"

"नाही."

"मंग हा मधी कोन?"

एवढंच. जयंतीच्या स्टेजवरची लई भाषणं मी ऐकली होती. टाळ्या वाजवल्या होत्या. एवढं सरळ कोणी बोललं नव्हतं. मला शिव्या येत होत्या, हा प्रश्न येत नव्हता. तो तिनं दिला.

दुसऱ्या दिवशी तिघं गेलो. चपला बाहेर काढल्या, नियम म्हणजे नियम. पाय मात्र धुतले नाहीत. मुद्दाम. दारापासून टेबलापर्यंत परत काळं.

"काय रे, काल सांगितलं ना?"

"'अरे' नाही, 'अहो' म्हणा," मी म्हणालो. "वयानं मोठा आहे तुमच्याहून."

मग मी वंदीला पुढे केलं.

"वंदी तिच्या मनाचे पेपर देणार. नाव घातलं तेव्हा तुम्हीच बोलला होता, दोन पेपर आपल्या आवडीचे."

"मग जोडीवर बसायला मिळणार नाही. आणि नापास झाली तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

तिची माय पुढे झाली. "रडाले तुमच्या दारी कशाले येऊ, भाऊ? आमचं दार हाय ना."

तो फरशीकडे बघत होता. त्याची नजर बघून वंदी फडक्याकडे वळली. एका दिवसात लागलेली सवय.

"हात लावू नको!" मी ओरडलो. "राहू दे ती पावलं."

आणि निघालो.

पुढच्याच महिन्यात मला मिक्सरवरून काढून उन्हात ट्रक भरायला लावलं. कोणी लावलं ते कोणी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. वंदी वापीच्या क्लासला जायला लागली. पहिल्यांदा नेटवर्कमध्ये नापास झाली. साहेबानं निरोप पाठवला, "म्हणावं, सांगितलं होतं." तिनं परत तोच पेपर घेतला. आणि काढला. मग सहावाही.

इथं गोड मानून उठू नका.

यंदा वंदीची माय गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला तो साहेब आला. म्हातारा झालाय. कोणीतरी त्याला खुर्ची दिली. खुर्चीतून सगळ्यांना म्हणाला, "वहिनी फार कष्टाळू. आणि वंदनाला मीच सांगितलं होतं हं, नेटवर्कचा पेपर घे, चीज होईल."

लोकांनी माना हलवल्या. वंदी खाली बघत होती. मला वाटलं आतून तिचा आवाज येईल, मंग हा मधी कोन? आला नाही. आता घरात तो आवाज नाही. भांडी आहेत, तिची लुगडी आहेत, आवाज नाही. म्हणून मीच बोललो.

"साहेब, उठा. माझी बायको मेली आहे. तिनं केलेलं तुमच्या नावावर करून देणार नाही."

तो गेला. लोक म्हणाले, दुःखाच्या दिवशी असं बोलू नये. वंदी म्हणाली, "बा, जाऊ द्या ना. जुनं झालं."

नाही. तेव्हा त्यानं माझ्या पोरीकडून पुसून घेतलं. आता स्वतः पुसायला बसलाय, गोड बोलून, चार माणसांत. पुसू दे. तो जितक्या वेळा पुसेल तितक्या वेळा मी परत चालत जाईन. हेच पाय घेऊन. दारापासून त्याच्या टेबलापर्यंत.