ओल्या पायांची बाई

साताऱ्याहून सकाळी निघालेली एसटी दुपारी कळंबोलीच्या पुलाखाली थांबली. नवी मुंबईत मी याआधी दोनतीनदा आले होते, पण कुणाच्या लग्नाला, नाहीतर बारशाला. या वेळी काम निराळं होतं. द्वारकाबाई नेवरेकर या जुन्या लेखिकेच्या भुताच्या गोष्टींचं पुस्तक पुन्हा निघायचं होतं, प्रस्तावना माझ्याकडे होती, आणि त्या गोष्टी जिथे घडतात ती खाडी मी कधी पाहिलीच नव्हती.

द्वारकाबाई आज फारशा कुणाला ठाऊक नाहीत. गेल्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी दोन कादंबऱ्या लिहिल्या. दोन्हींतल्या नायिका संकट आलं की देवघरात जाऊन बसतात आणि देव त्यांना तारतो. त्यांचे यजमान मीठ खात्यात कारकून होते. त्यांची बदली ठाण्याच्या खाडीपलीकडच्या मिठागरावर झाली आणि तिथेच त्यांची एकुलती मुलगी बनी तापाने गेली. त्यानंतर बाईंनी कादंबरी लिहिली नाही. भुताच्या गोष्टी मात्र पुष्कळ लिहिल्या आणि त्यांत कुठेही, सवयीने म्हणूनसुद्धा, देवाचं नाव येत नाही. बाई नास्तिक झाल्या असं अभ्यासक म्हणतात. मीही प्रस्तावनेत तेच लिहिणार होते.

त्यांची सगळ्यांत गाजलेली गोष्ट ‘ओल्या पायांची’. खाडीत बुडून मेलेली एक बाई भरतीच्या वेळी कारकुनाच्या बंगल्याच्या दाराशी येते आणि चुलीतला विस्तव मागते. अंगण कोरडं असलं तरी तिच्या पावलांचे ओले ठसे उमटतात. एक दिवस ती घरातल्या आजारी मुलीला मांडीवर घेते आणि मुलगी त्या मांडीवर गार होत जाते. एवढीच गोष्ट. मी ती विद्यार्थ्यांना अनेक वर्षं शिकवली आणि दर वेळी वर्ग चिडीचूप व्हायचा.

माझा मुक्काम करंजाड्याला, भाची मंजिरीकडे होता. अकराव्या मजल्यावरचं घर, खिडकीतून डोंगराची एक कड आणि तिच्यापुढे बांधकामाच्या क्रेन. संध्याकाळी सोसायटीत पाण्याचा टँकर आला की बोलणं थांबवून बादल्या भरायच्या, असा तिथला शिरस्ता.

‘‘मावशी, त्या बाजूला आता खाडी कुठे दिसते? सगळ्या कंपन्या आहेत,’’ मंजिरी म्हणाली. मग थोडं आठवून, ‘‘थांब. आमच्या ऑफिसात प्रणाली म्हणून आहे, ती तिथल्या मूळ गावातलीच. तिला विचारते.’’

प्रणालीचं उत्तर लगेच आलं. मंजिरीने मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘‘मावशींना घेऊन या. आजीला सगळं माहीत आहे. पण पप्पांना आधी सांगू नका.’’

मंजिरीला रजा नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी एकटीच निघाले. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून बस धावत होती. एका बाजूला कारखान्यांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला काचेच्या इमारती, आणि मधल्या फटींतून अचानक एखाद्या देवळाचं शिखर. मी एक थांबा आधीच उतरले. रिक्षावाल्याला गावाचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘गावात की सेक्टरमध्ये?’’

‘‘दोन्ही वेगळं आहे का?’’

‘‘सेक्टरला रस्ता आहे मॅडम. गावात गल्ली आहे. कमानीपर्यंत सोडतो.’’

कमानीपाशी प्रणाली उभी होती. पंचविशीतली, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, हाफ-डे टाकून आलेली. आत चारचार मजल्यांची घरं एकमेकांना इतकी खेटून उभी होती की एका घरातल्या फोडणीचा ठसका समोरच्याला लागावा. तळमजल्यांवर दुकानं, वर भाडेकरू, आणि सगळ्यांच्या मध्ये गावदेवीचं देऊळ, नव्या फरशीचं पण जुन्या दगडी पायऱ्यांचं. मी आधी खाडी बघायला मागितली.

खाडी गावापासून लांब सरकली आहे. तिवरांच्या रानातून एक पायवाट जाते. कारकुनाचा बंगला जिथे होता असं म्हणतात, तिथे एका कंपनीची गाड्या लावायची जागा आहे. ओहोटी लागलेली होती. चिखलात निवट्या, म्हणजे उड्या मारत चालणारे खाडीतले लहान मासे, टुणटुण करत होत्या. त्या नीट बघाव्यात म्हणून मी बांधावरून एक पाय खाली टाकला आणि घोट्यापर्यंत रुतले. पाय बाहेर आला, चप्पल आली नाही. प्रणालीने वाकून हात घातला, पण चिखलाने ती गिळली होती.

त्यामुळे त्यांच्या घरी मी पोचले ती अनवाणी, एका पायाला खाडी लावून. अंगणात प्रणालीने माझ्या पायांवर दोन तांबे पाणी ओतलं. मी तशीच पडवीत शिरले. खाटेवर एक म्हातारी बसली होती, अंगाने बारीक, नाकात मोठी नथ. तिने आधी माझ्या पायांच्या ठशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘ये गो बाय,’’ ती म्हणाली. ‘‘या घरान वल्या पायांनी येनारीला कोन भीत नाय.’’

ही ठमाबाई, प्रणालीची आजी. ऐंशी ओलांडलेली. मी कशासाठी आले ते प्रणालीने सांगितलंच होतं, पण ठमाबाईने आधी जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि निवट्यांचं कालवण. मघाशी ज्यांना बघायला गेले त्याच ताटात होत्या. काटे काढता काढता माझी फजिती झाली ती ठमाबाई शांतपणे बघत होती. जेवण झाल्यावर तिने पाय खाटेवर घेतले आणि सांगायला लागली.

‘‘ती वल्या पायांची, ती माजी आजी. पोशीबाय. आईची आई. पन ती भूत नव्हती गो. मिठावर कामाला जायाची.’’

मिठागरातून परतताना पोशीबाई कारकुनाच्या बंगल्यावरून यायची. काडेपेटी परवडायची नाही, म्हणून द्वारकाबाईंकडून विस्तव मागून न्यायची. पाय ओले असायचे, कारण दिवसभर ती खाऱ्या पाण्यातच उभी असायची. बनीला तिचा लळा होता. मग बनीला ताप आला. साथीचे दिवस होते. बंगल्यावरचे गडी पळाले, शेजारपाजारचं कुणी फिरकेना, कारकून डॉक्टर आणायला होडीने ठाण्याला गेला होता. पोशीबाई भरतीचं पाणी तुडवत आली आणि दोन दिवस त्या पोरीला मांडीवर घेऊन बसली. पोरगी तिच्याच मांडीवर गेली.

‘‘बामनीन तवा रडली पन नाय म्हनतात. निसती आजीच्या पायांकडं बघत बसली.’’

वर्षाने गोष्ट छापून आली. गावातल्या मास्तरांनी ती देवळापुढे मोठ्या हौसेने वाचून दाखवली. विस्तव, ओले पाय, मांडी; कोण ती हे ऐकणाऱ्यांना सांगावं लागलं नाही. पोशीबाई सुईणही होती. तिला बाळंतपणाला बोलावणं बंद झालं. ती आली की बाया पोरांना पदराखाली घ्यायच्या. तिचं घर ‘हडळीचं घर’ झालं. त्या घरातून मुलगी कुणी सून म्हणून नेईना, तेव्हा ठमाबाईच्या आईसाठी घरजावई आणावा लागला.

‘‘माज्यावक्तीपन तेच,’’ ठमाबाई म्हणाली. ‘‘मानूस गरीब पायला नि घरान आनला. तो बरा निंगाला, ती गोष्ट येगली.’’

मी विचारलं, ‘‘पोशीबाईंनी काही केलं नाही?’’

‘‘केला ना. गेली तिच्या दारान.’’

द्वारकाबाई तोवर विधवा होऊन ठाण्याला दिराकडे राहत होत्या. पोशीबाई होडीत बसली, धक्क्यावर चिखलात उतरली आणि विचारत विचारत घर गाठलं. दार द्वारकाबाईंनीच उघडलं. समोर ती उभी, पाय ओले. बाईंनी दाराची चौकट धरली. पोशीबाईने एवढंच विचारलं, ‘‘बाय, मी मेली कवा?’’

ठमाबाईने हे आयुष्यात किती वेळा सांगितलं असेल कोण जाणे, पण इथे तिने पाय खाटेवरून खाली घेतले.

‘‘मग?’’ मी विचारलं.

‘‘मंग काय? ती आयली की गावान. हितं, या घरान ऱ्हायली. भर दुपारची देवलापुढं बसून आजीच्या ताटान जेवली. बामनाची बाई! समदा गाव बघीत होता.’’

‘‘माफी मागितली?’’

‘‘माफीबिफी मना नाय म्हाईत. भातावर कालवनाचा रस घेतला नि जेवली.’’

त्या जेवणाने निम्मं गाव निवळलं, निम्मं नाही. पण द्वारकाबाई पुढे दर वर्षी देवीच्या जत्रेला येऊन आठवडाभर राहू लागल्या. लहानपणी ठमाबाईने त्यांना पाहिलं होतं. पांढऱ्या लुगड्यातली वाकलेली म्हातारी, रोज सकाळी देवळाच्या पायरीवर येऊन बसणारी. आत कधी गेली नाही. पोशीबाई आत जायची आणि बाहेर येऊन प्रसादाचं खोबरं तिच्या हातावर ठेवायची. म्हणायची, ‘‘देव नको त नको. नारल खा.’’ आणि ती खायची.

बाईंच्या शेवटच्या गोष्टींतली भुतं कुणाला घाबरवत नाहीत. दाराशी येतात, बसतात, विचारपूस करतात आणि जातात. हे मला नेहमीच कोडं वाटत आलं होतं. पडवीत बसून ते उलगडलं असं मी म्हणणार नाही, पण त्या भुतांचा पत्ता मला सापडला.

एवढ्यात ठमाबाईचा मुलगा जनार्दन आला. गावात त्याला जनाशेठ म्हणतात. नव्या शहरासाठी जमीन गेल्यावर बदल्यात मिळालेल्या जागेवर त्याने दोन इमारती बांधल्या आहेत. मी कोण हे कळल्यावर तो उभ्या उभ्याच म्हणाला, ‘‘मॅडम, राग नका मानू. तुमचं पुस्तक चार लोक वाचणार, त्यातला एक इथला निघणार, तो ग्रुपवर टाकणार. मग टेन्शन आमाला. या घरातून आजपर्यंत एक मुलगी बाहेर गेली नाय. प्रणालीचं लग्न आता शिरवणे गावात जमत आलंय. गोष्ट छापूच नका.’’

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तेवढ्यात ठमाबाई म्हणाली, ‘‘ती गोष्ट हाय तुज्याजवल?’’

छायाप्रत पिशवीत होती.

‘‘वाच.’’

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की जिच्या आयुष्यावर ही गोष्ट बसली होती, तिने ती कधी ऐकलीच नव्हती. मास्तरांनी वाचली ती तिच्या जन्माआधी, आणि नंतर या घरात ती आणायची कुणाची हिंमत झाली नव्हती. मी वाचू लागले. जनाशेठ दाराशी टेकून उभा राहिला. प्रणाली आजीच्या पायांशी बसली. वर्गात मी जिथे आवाज खाली आणत असे, तिथे या वेळी तो आपोआप खाली गेला. त्या बाईचं बसणं, एक गुडघा किंचित उंच, मांडीवर मुलीचं डोकं, मिठाने भेगाळलेला पंजा मुलीच्या कपाळावर, डोळे भरतीच्या पाण्याकडे. मग मुलीचं गार होत जाणं. मग शेवट.

ठमाबाईने छायाप्रतीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, ‘‘ती मांडी परत वाच.’’

मी वाचलं.

‘‘अशीच बसाची,’’ ती प्रणालीला म्हणाली. ‘‘येक गुडघा वर करून. मना पन अशीच घ्याची. हात असंच फाटलेलं.’’ आणि माझ्याकडे वळून, ‘‘तिचा फोटू नाय गो आमच्याकडं. येकपन नाय.’’

तिने डोळे पुसले नाहीत. ते आपसूक वाहत होते.

जनाशेठ हळूच म्हणाला, ‘‘आई, पण शिरवण्याचे...’’

‘‘पप्पा, त्यांना माहितीये,’’ प्रणाली म्हणाली. ‘‘मी कधीच सांगितलंय.’’

‘‘काय सांगितलंस? काय बोलला तो मुलगा?’’

‘‘म्हणाला, गोष्ट वाचायला कुठे मिळेल.’’

जनाशेठ पहिल्यांदाच खाली बसला. मग म्हणाला, ‘‘पणजीचं नाव टाका. गावाचं नको.’’ मी कबूल केलं, म्हणून इथेही ते लिहिलेलं नाही.

ठमाबाईची अट वेगळी होती. ‘‘छाप. पन खाली लिव, ती म्हातारी होऊन मेली. आपल्या घरान. नातवंडांच्या देखत. हडल म्हातारी होत नाय, लोकांना कलंल.’’

निघताना तिने स्वतःच्या रबरी चपला माझ्या पायात घातल्या. माझ्या मापाच्या नव्हत्या, तरी चालता आलं. जनाशेठने गाडीतून कळंबोलीला सोडलं. वाटेत फक्त जागेचे भाव बोलला आणि एसटी येईपर्यंत माझी पिशवी धरून उभा राहिला.

घाट चढताना मी प्रस्तावनेतून ‘नास्तिक’ हा शब्द काढायचं ठरवलं. त्याच्या जागी काय घालायचं ते मात्र सुचलं नाही. जी बाई देवळात जात नाही पण रोज पायरीवर येऊन बसते, आणि जिचं खोबरं मैत्रीण आतून आणून देते, तिला एका शब्दात बसवणं मला जमलं नाही. ती जागा मी पोशीबाईला दिली.

मजकूर पाठवल्यावर प्रकाशकांचा फोन आला. ‘‘बाई, गोष्टीखालची ती तळटीप ठेवायची का? ती वाचली की सगळी भीतीच जाते हो.’’

‘‘जाऊ दे,’’ मी म्हटलं.