मास्टर्स म्हणजे मास्तर नव्हे

थोरल्या भावाचा फोन आला तेव्हा मी नारायणगावच्या माझ्या दुकानात ट्रॅक्टरचं बेअरिंग पुसत बसलो होतो.

"पोरगी मास्तर व्हायचं म्हणती," तो ओरडला. "आत्ताच्या आत्ता ये, न्हाईतर आज एक जीव जातोय बघ."

पाठोपाठ भांडं आपटल्याचा आवाज आला आणि फोन बंद पडला.

पुतणीला व्हायचं होतं डॉक्टर. नीटची परीक्षा दोनदा हुकली, मग बी.एस्सी. केली, मार्क जेमतेम. परदेशात तिनं एक मेडिकल कॉलेज शोधलं होतं. तिथं आधी पदवी लागते, मग डॉक्टरकी. त्यांनी कळवलं, मार्क कमी पडतात, एखादं मास्टर्स चांगल्या मार्कांनी केलं तर अर्जाला वजन येईल. घरातल्या मोठ्यांत कॉलेजची पायरी चढलेला मी एकटाच, त्यामुळे सल्ला माझाच. "कर की मास्टर्स," मी म्हणालो होतो, जणू काही मी आयुष्यभर तेच करत आलोय.

निमगाव साव्याला पोचलो तर अंगणात पातेलं उपडं, शिजलेली डाळ सगळीकडं, आणि कोंबड्या त्यावर तुटून पडलेल्या. दादा काठी घेऊन उभा. आमच्याकडच्या मेंढ्या कधीच गेल्या, काठी तेवढी राहिली. वहिनी दार अडवून, आणि तिच्या मागं पोरगी. गालावर बापाची बोटं उमटलेली.

दादाच्या लेखी मास्तर म्हणजे लेकरं मारायचा पगार घेणारा माणूस. तिसरीत असताना मास्तरानं त्याच्या हातावर लाकडी पट्टी अशी हाणली की एक बोट कायमचं वाकडं झालं. दुसऱ्या दिवशी तो शाळेऐवजी मेंढरांमागं गेला.

"माझी पोरगी लोकांची लेकरं हाणणार?"

"दादा, मास्तर न्हाई रं, मास्टर्स. बी.एस्सी.च्या म्होरलं शिक्षण."

"त्ये शिकून माणूस काय व्हतो?"

"मास्टर," मी म्हणालो आणि लगेच जीभ चावली.

काठी चौकटीवर बसली. ढलपा उडाला.

मी घाईनं समजावू लागलो. दोन कोर्स आहेत, दोन्हीला उद्या शेवटचा दिवस. एक सार्वजनिक आरोग्याचा, गावोगाव हिंडून कुठं कशानं आजार पसरतो ते शोधायचं, स्वच्छ काम...

"नाना, मला ते नको," पोरगी आतून म्हणाली. "मी ॲनाटॉमी घेणार. मेडिकल कॉलेजातच शिकवतात. माणसाचं शरीर आतून कसं असतं ते."

"कुणाचं शरीर?" दादानं विचारलं.

"देहदान केलेल्यांचं."

दादाचा आवाज एकदम खाली आला. त्याचा आरडाओरडा परवडतो, आवाज उतरला की पळावं.

"म्हंजे मुडदं फाडायचं?"

"व्हय, आबा," ती म्हणाली आणि आईला बाजूला सारून पुढं आली. "मुडदं फाडायचं."

काठी तिच्यावर फिरली. मी मध्ये आलो. वहिनी आजही पावण्यांना सांगते की भाऊजींनी वार अंगावर घेतला. खरं तर माझी चप्पल डाळीवरून घसरली. काठी कपाळावर बसली आणि मी कोंबड्यांमध्ये आडवा झालो. डोळ्यांत रक्त उतरलं. एक कोंबडी माझ्या कानाशी डाळ टिपत होती.

वहिनी किंचाळली. पोरीनं बापाच्या हातातली काठी हिसकली आणि त्याच्यावरच उगारली.

"मास्तरानं तुमचं बोट मोडलं. तुमी काय मोडताय बघा जरा!"

काठी तशीच हवेत. मग तिनं काठी गुडघ्यावर घेऊन मोडायला बघितली. मोडली नाही, तेव्हा भिरकावून दिली.

दादा माझ्याजवळ बसला. धोतराचा सोगा कपाळावर दाबत तिच्याकडं न बघता म्हणाला, "डाक्टर व्हनार ना? मग शिव की."

"येत न्हाई मला. तेच शिकाया जायचंय."

जीपमधून आम्ही नारायणगावच्या दवाखान्यात गेलो. "कशानं लागलं?" डॉक्टरांनी विचारलं. "घसरलो," मी म्हणालो. निम्मं खरंच होतं. सुई आत गेली आणि मी बोकडासारखा ओरडलो. जत्रेत उभे बोकड कापणारा माझा भाऊ भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. पोरगी मात्र वाकली, इतकी की तिचा श्वास माझ्या जखमेला लागत होता.

"कातडीखाली हे पांढरं काय आहे, सर?"

डॉक्टर टाके घालता घालता सांगत गेले, ती विचारत गेली. माझं कपाळ म्हणजे जणू सरकारी शाळेतला फळा. दादा हळूहळू वळला. माझ्याकडं नव्हे, तिच्याकडं बघत राहिला.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "त्यांला दुखत न्हाई ना?"

"कुणाला, आबा?"

"मेलेल्यांला."

"न्हाई."

"मग तेच घे," दादा म्हणाला. "जित्याला दुखवून शिकवत्यात, त्ये लई झालं."