ज्यानं खोललं, त्यानंच उडवायचं

आमच्या बचत गटाच्या फवारणीच्या ड्रोनची एक मोटर जळाली आणि ती मी बदलली. हे वाक्य त्या दिवशी मी निदान दहा जणींना ऐकवलं असेल. ड्रोन शिकवणाऱ्या सरांचा नियम होता: ज्यानं खोललं, त्यानंच आधी उडवून बघायचं. टाकीत औषध नाही, नुसतं पाणी. आणि उडवण्याआधी वहीत "सगळं तपासलं" म्हणून सही करायची. मी झोकात सही ठोकली.

सासूबाई गटाच्या अध्यक्ष. त्यांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "पडलं तर रिमोट तुझ्या जावेकडं. मंग रडायचं न्हाई." रिमोट जावेकडं! त्यापेक्षा मला माहेरी धाडलं असतं तरी चाललं असतं.

पुसेगावच्या वाटेवरच्या आमच्या रिकाम्या वावरात अर्धं गाव जमलं. सासूबाईंनी नारळ फोडला, ड्रोनला ओवाळलं, वाकून हळद-कुंकू लावलं. मी ड्रोन हवेत उचलला आणि काय सांगू, मीच उडाल्यासारखी हसत सुटले.

तेवढ्यात त्याचं बिनसलं. वर जाई, धपकन खाली येई, पुन्हा वर. गडबडीत मी भलतंच बटण दाबलं आणि फवारा सुरू झाला. सरपंच भिजले, जाऊ भिजली, आरतीचं ताटही भिजलं. "पळा रं, पळा!" हसू काही आवरेना. कसाबसा बांधापलीकडं उतरवला.

बघितलं, तर पोटाशी असलेल्या चकचकीत काचेवर हळद-कुंकवाचा भला मोठा टिळा. जमीन किती खाली आहे, हे ड्रोनला त्या काचेतूनच कळतं. सासूबाईंना तेच त्याचं कपाळ वाटलं होतं.

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्याकडं बोट दाखवणं किती सोपं होतं! पण सही माझी होती. तपासलं मी पूजेआधी आणि उडवलं पूजेनंतर.

"चूक माझी हाय, आत्या," मी म्हणाले. "पूजेनंतर मी परत बघायला पाहिजे होतं." बोलतानाच रिमोट गेला असं मी धरून चालले.

सासूबाई ड्रोनपाशी वाकल्या. त्यांनी पदरानं काच पुसली. मी सगळं पुन्हा तपासलं, वहीत दुसरी सही केली. मग त्यांनी भिजलेलं ताट उचललं, ड्रोनला वळसा घातला आणि माझ्यापुढं येऊन ते ओलं कुंकू माझ्या कपाळाला लावलं.

"आता का उभी राहिलीस? उडव."